न कळलेला निकाल, कापलेला पगार

'शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये' ही म्हण आपल्याकडे अजूनही मोठ्या शहाणपणाची समजली जाते. पण ही म्हण कोणाच्या सोयीची आहे, याचा विचार आपण कधी केला आहे काय? सावकार कोर्टाची पायरी चढतो. फायनान्स कंपनीचा वकील ती रोज चढतो. पतसंस्थेचा वसुली अधिकारी कागदांचा गठ्ठा घेऊन कार्यालयाच्या दारात उभा असतो. पायरी न चढणारा एकच असतो, तो म्हणजे कर्जदार. आणि जो येत नाही त्याच्याविरुद्ध निकाल एकतर्फी होतो. तेव्हा या शहाणपणाची किंमत दर महिन्याच्या पगारातून कोण मोजतो, हे आता आपल्या समाजाने समजून घेतले पाहिजे.

गेल्या वर्षावासातील एका रविवारी विहारातील ग्रंथवाचन आटोपल्यावर कुंभिवलीचा एक तरुण माझ्यापाशी येऊन उभा राहिला. खोपोलीच्या बाजूला एका कारखान्यात तो यंत्रावर काम करतो. खिशातून पगाराची स्लिप काढून म्हणाला, "जय भीम, वकीलसाहेब. हे जरा बघा. या महिन्याला साडेसात हजार कापले. ऑफिसात विचारलं तर म्हणतात, कोर्टाचा हुकूम आहे. मी तर आजवर कोर्ट बघितलेलं नाही."

त्याचा पगार साडेतेवीस हजार. घरात आई, बायको, दोन मुले. त्यातून साडेसात हजार गेले की काय उरते, ते सांगायला अर्थशास्त्रज्ञ लागत नाही.

मी विचारत गेलो तसा उलगडा झाला. त्याने काही वर्षांपूर्वी कर्जावर मोटारसायकल घेतली होती. २०२० च्या टाळेबंदीत काम सुटले, हप्ते थकले. एके दिवशी कंपनीची माणसे आली आणि गाडी उचलून घेऊन गेली. याचा समज असा झाला की गाडी गेली, म्हणजे कर्ज फिटले. आपल्या हजारो तरुणांचा हाच समज असतो. प्रत्यक्षात कंपनीने ती गाडी विकली, आलेली किंमत कर्जातून वजा केली आणि उरलेल्या रकमेवर व्याज व खर्च चढवून दावा लावला. समन्स कर्जाच्या कागदावरील जुन्या पत्त्यावर, म्हणजे कुंभिवलीच्या घरी गेले. त्या काळात हा खोपोलीला भाड्याच्या खोलीत राहत होता आणि आई दिवसभर कामावर असायची. बेलिफाने शेरा मारला, 'घर बंद, इसम मिळून आला नाही, दरवाजावर प्रत चिकटवली.' मग तारीख पडली, हा आला नाही, हुकूमनामा झाला. त्यानंतर दरखास्त दाखल झाली आणि पगार जप्तीचा आदेश थेट कारखान्याच्या कार्यालयात पोहोचला. कायद्याच्या भाषेत सगळे रीतसर. ज्याच्याविरुद्ध झाले त्याला मात्र पगाराच्या दिवशी कळले.

तो तरुण एक पैसाही देणे लागत नव्हता, असे मी म्हणणार नाही. घेतलेले कर्ज फेडावे, हे मलाही मान्य आहे. पण किती देणे आहे, व्याज कोणत्या दराने लावले, गाडी किती किमतीला आणि कोणाला विकली, विकण्यापूर्वी त्याला नोटीस दिली होती काय, हे प्रश्न विचारण्याचा त्याला हक्क होता. दुसऱ्याची बाजू ऐकल्याशिवाय निवाडा करू नये, हे न्यायाचे पहिले तत्त्व आहे. दारावर चिकटवलेल्या आणि कोणी न वाचलेल्या कागदाने ते तत्त्व पाळले गेले, असे कोण म्हणेल?

दीडशे वर्षांपूर्वीचा धडा

ही गोष्ट नवी नाही. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातील सुपे येथे शेतकऱ्यांनी सावकारांविरुद्ध उठाव केला आणि तो पुणे व अहमदनगर जिल्ह्यांतील गावागावांत पसरला. इतिहासात तो 'दख्खनचे दंगे' या नावाने नोंदला गेला. त्या शेतकऱ्यांनी सावकाराच्या घरातून काय बाहेर काढले? कर्जरोखे, खतपत्रे, हुकूमनामे. बहुतेक ठिकाणी सावकाराच्या जिवाला हात लागला नाही, होळी झाली ती कागदांची. लिहिता वाचता न येणाऱ्या माणसालाही आपला शत्रू कोणता हे बरोबर कळले होते. त्यानंतर नेमलेल्या चौकशी आयोगापुढे जे आले, ते आजही वाचण्यासारखे आहे. सावकाराने दावा लावायचा, कुणबी न्यायालयात यायचाच नाही, आणि मोठ्या संख्येने एकतर्फी हुकूमनामे व्हायचे, हे त्यातून सरकारसमोर आले.

त्यातून १८७९ साली दख्खन कृषक साहाय्य कायदा आला. सुरुवातीला तो पुणे, सातारा, सोलापूर आणि अहमदनगर या चार जिल्ह्यांना लागू झाला. त्यात ब्रिटिश सरकारलाही मान्य करावे लागले की, नुसता रोखा पाहून निकाल देता येणार नाही. न्यायालयाने प्रतिवादी शेतकऱ्याला बोलावून त्याची जबानी घ्यावी, कर्जाचा मूळ व्यवहार तपासावा आणि पैशाच्या हुकूमनाम्यापोटी शेतकऱ्याला तुरुंगात टाकू नये, अशी तरतूद झाली. कोर्टकचेरीत शेतकऱ्याची होणारी ही लूट महात्मा फुल्यांनी १८८३ साली 'शेतकऱ्याचा असूड' मध्ये मांडली.

आपल्या कर्जत तालुक्याचे उदाहरण तर आणखी जवळचे आहे. माथेरानचे वकील विठ्ठल लक्ष्मण कोतवाल, ज्यांना आपण भाई कोतवाल म्हणून ओळखतो, त्यांनी या भागातील शेतकरी आणि आदिवासींना सावकाराच्या पाशातून सोडवण्यासाठी धान्यपेढ्या काढल्या. न्हावी समाजात जन्मलेला हा वकील २ जानेवारी १९४३ रोजी सिद्धगडावर हुतात्मा झाला. त्याच्या हौतात्म्याला आपण दरवर्षी हार घालतो. त्याच्या धान्यपेढीची मात्र आठवण ठेवत नाही. ज्या मुलखात एका वकिलाने सावकारीविरुद्ध असे काम केले, त्याच मुलखात आज कामगाराला स्वतःच्या पगारावरील जप्तीही उशिरा कळावी, ही आपल्याला विचार करायला लावणारी गोष्ट आहे.

एकतर्फी म्हणजे अखेरचा नव्हे

एकतर्फी हुकूमनामा म्हणजे सगळे संपले, असे आपली माणसे समजतात. हे साफ चूक आहे. दिवाणी प्रक्रिया संहिता १९०८ मधील आदेश ९ नियम १३ प्रमाणे, समन्स रीतसर बजावले गेले नव्हते किंवा हजर न राहण्यास पुरेसे कारण होते, असे प्रतिवादीने दाखवून दिले तर एकतर्फी हुकूमनामा रद्द होऊ शकतो. मुदत कायद्याच्या अनुच्छेद १२३ प्रमाणे त्यासाठी ३० दिवस मिळतात. हे ३० दिवस एरवी हुकूमनाम्याच्या तारखेपासून मोजतात, पण समन्स रीतसर बजावले नसेल तर हुकूमनामा माहीत झाल्या दिवसापासून मोजतात. पर्यायी बजावणी, म्हणजे न्यायालयाच्या आदेशाने वर्तमानपत्रात वगैरे दिलेली जाहिरात, ही या अनुच्छेदापुरती रीतसर बजावणी मानली जात नाही, असे तिथेच स्पष्टीकरण आहे. मुदत उलटली तरी योग्य कारण देऊन विलंब माफीचा अर्ज करता येतो. पण तो न्यायालयाच्या मर्जीचा प्रश्न असतो. म्हणून ज्या दिवशी पगार कापलेला दिसेल त्याच दिवसापासून घड्याळ सुरू झाले, असे समजावे.

समन्स दारावर चिकटवण्याचेही नियम आहेत. बेलिफाने आधी योग्य ती खटपट करून माणसाचा शोध घेतला पाहिजे. चिकटवले तर कोणत्या परिस्थितीत चिकटवले, घर कोणी दाखवले आणि कोणासमक्ष चिकटवले, हे नावासह लिहिले पाहिजे. कुंभिवलीच्या त्या तरुणाच्या प्रकरणाची नक्कल काढली तेव्हा अहवालात घर दाखवणाऱ्याचे नाव नव्हते, साक्षीदाराची सहीही नव्हती. भाड्याच्या खोलीचा करार आणि त्या काळातील हजेरीचा पुरावा जोडून आम्ही ३० दिवसांच्या आत अर्ज दिला. न्यायालयाने वसुलीला स्थगिती दिली आणि पुढे काही रक्कम न्यायालयात भरण्याच्या अटीवर हुकूमनामा रद्द केला. दावा आता पुन्हा चालू आहे. तो जिंकेल की हरेल ते मी आज सांगू शकत नाही. पण त्याचे म्हणणे आता ऐकले जाणार आहे, ही गोष्ट लहान नाही.

एक इशाराही दिला पाहिजे. दाव्याची तारीख माहीत होती, हजर राहायला वेळही होता, पण बजावणीत काही किरकोळ दोष होता, एवढ्यावर हुकूमनामा रद्द होत नाही. आणि 'समन्स घ्यायचेच नाही, म्हणजे केस चालणार नाही' हा गावातील पारावरचा सल्ला तर घरबुडवा आहे. समन्स किंवा रजिस्टर पत्र नाकारले की ते मिळाले असेच धरले जाते. नाकारणारा स्वतःच्या हाताने आपला बचाव फाडून टाकतो.

पगाराभोवती कायद्याचे कुंपण

आता दुसरी बाजू. समजा हुकूमनामा खरा आहे, रद्द होण्यासारखा नाही. तरीही सगळा पगार कोणी कापू शकत नाही. संहितेच्या कलम ६० मध्ये कर्जदाराच्या जगण्याभोवती एक कुंपण घातलेले आहे. पैशाच्या साध्या हुकूमनाम्यात पगारातील पहिले १००० रुपये आणि उरलेल्या रकमेचे दोन तृतीयांश यांना हात लावता येत नाही. २५,००० पगार असेल तर पहिले १००० बाजूला ठेवायचे. उरले २४,०००. त्यातले १६,००० सुरक्षित. जप्त होऊ शकतात ते ८,०००. यापेक्षा एक रुपया जास्त कापला तरी ते बेकायदा आहे. शिवाय एकाच हुकूमनाम्यापोटी एकूण २४ महिने जप्ती झाली, की त्या हुकूमनाम्यासाठी तो पगार कायमचा मोकळा होतो. आपल्या किती बांधवांनी महिने मोजले असतील? २५ वा, २६ वा, ३० वा हप्ता मुकाट्याने देत राहिलेले लोक मी पाहिले आहेत.

पत्नी आणि मुलांच्या पोटगीचा हुकूम असेल तर हिशेब वेगळा आहे. तिथे पगाराचा फक्त एक तृतीयांश भाग सुरक्षित राहतो. आणि ते योग्यच आहे. स्त्रीच्या आणि लेकरांच्या भाकरीपुढे पुरुषाच्या सवलतीची ढाल कोणी पुढे करू नये.

परंतु या सगळ्याहून महत्त्वाची तरतूद पुढे आहे, आणि नेमकी तीच कोणाला माहीत नसते. याच कलमात मजुरांची आणि घरकामगारांची मजुरी, मग ती पैशात असो की वस्तूत, जप्तीतून पूर्णपणे वगळली आहे. एक तृतीयांश नव्हे, एक दमडीही नाही. आणि मजूर म्हणजे कोण, हे स्पष्टीकरणात सांगितले आहे: कुशल, अकुशल आणि अर्धकुशल असे सर्व मजूर. मजुरीत बोनसही धरला आहे. म्हणजे खोपोली, खालापूर, रसायनीच्या कारखान्यांत यंत्रावर, भट्टीवर, लोडिंगवर अंगमेहनत करणारा कामगार, मग तो कायम असो की ठेकेदाराचा, आपली मजुरी या तरतुदीखाली जप्तीमुक्त आहे असे म्हणू शकतो. काम मजुराचे की कारकुनाचे किंवा देखरेखीचे, हे न्यायालय कामाच्या स्वरूपावरून ठरवते. नेमणूकपत्रावर 'स्टाफ' किंवा 'ऑपरेटर' असा शिक्का मारला म्हणून प्रश्न निकालात निघत नाही.

कुंभिवलीच्या तरुणाचा हिशेब पुन्हा बघा. साडेतेवीस हजारांतून १००० वजा, उरले साडेबावीस हजार, त्याचा एक तृतीयांश साडेसात हजार. कारखान्याच्या लेखनिकाने गणित अचूक केले होते. चूक गणितात नव्हती. नोकरदाराच्या पगाराचे गणित मजुराच्या मजुरीला लावले, ही चूक होती. आणि ती दाखवून द्यायला तिथे कोणी नव्हते.

यासाठी कारखान्यावर राग काढून उपयोग नाही. आदेश २१ नियम ४८अ प्रमाणे आलेला हुकूम मालकाने पाळला नाही तर रक्कम त्याच्याच अंगावर येते. तक्रार करायची ती दरखास्त चालू असलेल्या न्यायालयात, कलम ४७ खाली लेखी अर्ज देऊन. हुकूमनामा रद्द करण्याचा अर्ज वेगळा आणि जप्तीवरील हरकतीचा अर्ज वेगळा. पहिला फेटाळला तरी दुसरा मार्ग बंद होत नाही.

कलम ६० मध्ये आणखीही बरेच आहे. अंगावरचे आवश्यक कपडे, स्वयंपाकाची भांडी, अंथरूण पांघरूण, कारागिराची हत्यारे, भविष्य निर्वाह निधी, शेतकरी किंवा मजूर स्वतः राहत असलेले त्याचे घर, यांना पैशाच्या साध्या हुकूमनाम्यात हात लावता येत नाही. घरच गहाण ठेवले असेल तर मात्र गोष्ट वेगळी. आणि 'मी ही सवलत सोडून देतो' असे कर्जाच्या कागदावर कोणी लिहून घेतले असेल, तर कलम ६०(१अ) प्रमाणे तो करार रद्दबातल आहे. वीस पानी छापील इंग्रजी करारावर दहा ठिकाणी सह्या घेणाऱ्यांनाही हे कुंपण विकत घेता येत नाही.

तुरुंगाची भीती

वसुलीवाल्याचे आवडते हत्यार म्हणजे 'आत टाकू' ही धमकी. १९८० साली जॉली जॉर्ज वर्गीस विरुद्ध बँक ऑफ कोचीन या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी हा प्रश्न निकालात काढला. देणे देण्याची ऐपत नाही एवढ्याच कारणाने माणसाला तुरुंगात टाकणे घटनेच्या अनुच्छेद २१ शी विसंगत आहे. ऐपत असूनही बदनीयतीने टाळाटाळ केली, हे सिद्ध व्हावे लागते. दारिद्र्य हा गुन्हा नाही, हा त्या निकालाचा गाभा आहे. पैशाच्या हुकूमनाम्यात स्त्रीला अटक करताच येत नाही. दोन हजारांपर्यंतच्या हुकूमनाम्यात कोणालाच कैद नाही, आणि मोठ्या रकमेतही तीन महिन्यांची कमाल मर्यादा आहे. मात्र बाऊन्स झालेल्या चेकची केस ही फौजदारी असते. तिथे समन्स चुकवले तर वॉरंट निघते. या दोन गोष्टींची गल्लत करू नये.

जामीनदार, पतसंस्था आणि लवाद

आपल्या समाजात एक जण सरकारी किंवा कायम नोकरीला लागला की तो दहा घरांचा जामीनदार होतो. भाऊबंदकीत नाही म्हणता येत नाही. पण जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच असते. पतसंस्था आधी कर्जदाराकडे जाईल, मग आपल्याकडे येईल, असे कायद्यात नाही. जिथे पगार दिसतो तिथे ती जाते.

पतसंस्थेला दिवाणी दावाही लावावा लागत नाही. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम १९६० च्या कलम १०१ खाली निबंधकाकडून वसुली दाखला मिळतो. तो मिळण्यापूर्वी नोटीस येते. ती नोटीस हाच आपला दावा समजून त्या तारखेला लेखी म्हणणे दिले पाहिजे. कारण एकदा दाखला झाला की कलम १५४ खालील पुनरीक्षण अर्जासाठी येणे रकमेच्या ५० टक्के आधी भरावे लागतात. ज्याच्याकडे हप्त्याला पैसे नाहीत तो निम्मी रक्कम कुठून आणणार? म्हणजे इथे नोटिशीकडे केलेल्या दुर्लक्षाची किंमत कोर्टापेक्षाही जास्त आहे. कर्ज घेताना पगारातून कपातीची जी संमती लिहून दिली जाते, ती कलम ४९ ची कपात वेगळी, आणि न्यायालयाची जप्ती वेगळी. पण २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आलेल्या वेतन संहितेने एकूण कपातींना वेतनाच्या निम्म्याची मर्यादा घातली आहे, हे लक्षात ठेवावे. पतसंस्थेत पैसा आपल्याच माणसांचा असतो, तो बुडवावा असे मी कदापि सांगणार नाही. हिशेब मागा, हप्ते बांधून मागा, पण गैरहजर राहू नका, एवढेच सांगणे आहे.

फायनान्स कंपन्यांनी आणखी एक वाट काढली आहे. करारात लवादाचे कलम असते. कंपनीच लवाद नेमते, तो बसतो दूरच्या कुठल्यातरी शहरात. कुंभिवलीचा माणूस तिथे जाणार कसा? निवाडा एकतर्फी होतो आणि हुकूमनाम्यासारखाच अंमलात येतो. पण ज्याचा प्रकरणात हितसंबंध आहे त्याने एकट्याने लवाद नेमू नये, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१९ साली पर्किन्स ईस्टमन प्रकरणात सांगितले आहे. निवाड्याची प्रत हातात पडली की तीन महिन्यांत आव्हान द्यावे लागते. त्यापुढे फार तर ३० दिवस मिळतात, एक दिवसही जास्त नाही. म्हणून असे पाकीट आले की ते फळीवर न टाकता त्याच आठवड्यात वकिलाला दाखवा.

आणि वीटभट्टीवर उचल घेऊन राबणाऱ्या आमच्या कातकरी बांधवांची गोष्ट तर याही पलीकडची आहे. उचल फेडण्यासाठी माणसाला अडकवून ठेवणे ही वेठबिगारी आहे. १९७६ च्या कायद्याने असे कर्जच नष्ट केले. त्याच्या वसुलीसाठी दावाही चालत नाही. तिथे हप्ते बांधून घेण्याचा प्रश्न नाही, माणूस सोडवण्याचा प्रश्न आहे.

सरकारला विचारायचे प्रश्न

कायद्याचे कुंपण आहे, पण ते किती उंच आहे? पगारातील 'पहिले १००० रुपये' ही मर्यादा १९९९ च्या दुरुस्तीने ठरली आणि १ जुलै २००२ पासून अमलात आली. त्याआधी ती ४०० होती. आज १००० रुपयांत चार माणसांच्या घराचा गॅस आणि किराणा किती दिवस चालतो? आमदार, खासदारांचे पगार या काळात किती वेळा वाढले? मग गरिबाच्या भाकरीची रेषा तिथेच का गोठली? दिवाणी प्रक्रिया हा समवर्ती सूचीतील विषय आहे. केंद्र करत नसेल तर महाराष्ट्र विधिमंडळ स्वतः दुरुस्ती करून राष्ट्रपतींची संमती घेऊ शकते. निदान किमान वेतनाइतकी रक्कम तरी संपूर्ण जप्तीमुक्त करा, ही मागणी आपल्या लोकप्रतिनिधींनी सभागृहात मांडली पाहिजे.

दुसरी मागणी याहून सोपी आहे. पगार जप्तीचा आदेश कारखान्यात जातो तेव्हा त्याची प्रत कामगाराच्या हातात पडलीच पाहिजे आणि तिच्यासोबत सोप्या मराठीत एक पानाची सूचना असली पाहिजे: तुमचा किती पगार सुरक्षित आहे, तुम्ही मजूर असाल तर काय, हरकत कुठे आणि किती दिवसांत घ्यायची. संहितेच्या पहिल्या अनुसूचीतील नियम आणि नमुने बदलण्याचा अधिकार कलम १२२ प्रमाणे उच्च न्यायालयालाच आहे. यासाठी संसदेची वाट पाहायची गरज नाही.

आपण काय करायचे?

घटनेच्या अनुच्छेद ३९अ ने मोफत विधी साहाय्याचे वचन दिले आणि १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याने ते प्रत्यक्षात आणले. कलम १२ प्रमाणे अनुसूचित जाती जमातीची व्यक्ती, स्त्री आणि औद्योगिक कामगार यांना उत्पन्न न बघता सरकारी खर्चाने वकील मिळतो. १९९० च्या दुरुस्तीने बौद्धांनाही अनुसूचित जातीत स्थान मिळाले आहे. तेव्हा जातीचा दाखला घेऊन तालुका विधी सेवा समितीकडे जाण्यात संकोच कसला? ती भीक नाही, तो हक्क आहे.

पण हक्क कागदावर असून भागत नाही. माझी सूचना साधी आहे. प्रत्येक विहारात महिन्यातील एक रविवार 'कागद वाचनाचा' ठेवा. घरात आलेले प्रत्येक पाकीट, बँकेचे, कोर्टाचे, पतसंस्थेचे, त्या दिवशी विहारात आणा. शिकलेल्या मुलामुलींनी ते वाचून दाखवावे आणि तारीख वहीत टिपून ठेवावी. ई-कोर्ट्सच्या ॲपवर तालुका निवडून पक्षकाराच्या नावाने शोध घेता येतो. गावातील कोणाच्या नावावर दावा लागला आहे का, ते एका मोबाइलवर तासाभरात कळते. कामगारांनी पत्ता बदलला की बँकेला आणि कंपनीला लेखी कळवावे आणि पोच घ्यावी. हुकूमनामा झाल्यानंतर वसुलीवाल्याच्या हातात रोख पैसे देऊ नयेत. न्यायालयात भरलेले किंवा न्यायालयात नोंदलेले पैसेच दरखास्तीत मोजले जातात, बाकी सगळे हवेत जाते. आणि हप्ते हवे असतील तर ते हुकूमनामा होण्यापूर्वीच मागावेत. नंतर ते समोरच्याच्या संमतीशिवाय सहसा मिळत नाहीत.

बाबासाहेबांनी आपल्याला 'शिका' असे सांगितले ते केवळ पदवीसाठी नव्हे. ज्या कागदाने आपल्याला शतकानुशतके बांधून ठेवले तो कागद वाचता यावा, त्याला उत्तर देता यावे, यासाठी सांगितले. ते स्वतः बॅरिस्टर होते. कोर्टाची पायरी चढू नये असे त्यांनी मानले असते, तर आज आपण कुठे असतो?

कुंभिवलीचा तो तरुण आता तारखेला हजर राहतो. परवा भेटला तेव्हा म्हणाला, "साहेब, पहिल्या दिवशी आत जाताना पाय थरथरत होते. आता पुकारा झाला की आपणहून पुढे होतो." ही हिंमत ज्या दिवशी आपल्या प्रत्येक वस्तीत येईल, त्या दिवशी एकतर्फी हुकूमनाम्यांचा हा धंदा आपोआप मंदावेल. शहाण्याने कोर्टाची पायरी अवश्य चढावी, आणि वेळेवर चढावी.

जय भीम!